जिमखाना फीचं काय करायचं?

कॉलेजच्या फीची जुनी पावती कुणी जपून ठेवली असेल तर काढून बघा. ट्यूशन फी, लायब्ररी फी, लॅबोरेटरी फी, परीक्षा फी, डिपॉझिट... आणि या सगळ्यांच्या गर्दीत अंग चोरून उभी असलेली 'जिमखाना फी'. लायब्ररी फीच्या बदल्यात निदान पुस्तकं मिळायची, लॅबच्या बदल्यात जर्नलवर सही मिळायची. जिमखाना फीच्या बदल्यात काय मिळालं? माझ्या ओळखीतल्या दहापैकी नऊ जणांचं उत्तर एकच आहे: कॅरमबोर्ड. तोही स्ट्रायकर हरवलेला. :)

तर आजचा विषय असा की पदवीच्या विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षणाचा तास असावा का? माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. असावा. सगळ्यांना असावा, सक्तीचा असावा. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो ज्या पद्धतीने 'उरकला' जातो त्याच पद्धतीने उरकायचा असेल, तर मग नसलेलाच बरा. त्या वेळात पोरं निदान कँटीनपर्यंत चालत तरी जातील.

विषय आत्ता काढण्याचं कारण म्हणजे माझा भाचा. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, त्यापाठोपाठ २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने पदवीचा नवा क्रेडिट आराखडा काढला. त्यात सहअभ्यासक्रम नावाचा एक कप्पा आहे: आरोग्य, योग, क्रीडा, एन.एस.एस., एन.सी.सी., कला वगैरे. म्हणजे खेळण्याचे, पळण्याचे चक्क क्रेडिट. मी वाचून खूश झालो होतो. भाच्याने पहिल्या वर्षाला योग घेतला. सेमिस्टर संपल्यावर विचारलं, काय रे, कसं झालं? तर म्हणाला, "मामा, भुजंगासनात पैकीच्या पैकी. भुजंगासन येत नाही, पण त्याचे चार पर्याय दिले तर बरोबर ओळखतो."

बहुपर्यायी परीक्षा! योगाची! कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण मला खात्री आहे की ते एकटं नाही.

आता यावर एक सोपी प्रतिक्रिया अशी की बघा, सक्ती केली की असंच होतं, म्हणून सक्ती नको. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्याला इतिहासाचा आधार आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, कॉलेजच्या मुलांना एन.सी.सी. सक्तीची करण्यात आली. तेव्हाच्या उत्साहाची कल्पना करा. आणि १९६८ मध्ये, म्हणजे पाचच वर्षांत, ती पुन्हा ऐच्छिक झाली. तिकडे अमेरिकेत हेच जास्त सावकाश घडलं. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेला हिशोब असा आहे की १९२० च्या दशकात तिथल्या ९७ टक्के कॉलेजांत शारीरिक शिक्षण पदवीसाठी आवश्यक होतं. २०१० च्या सुमारास ते जेमतेम ३९ टक्क्यांवर आलं. म्हणजे सक्ती झिजत जाते, हे खरंच आहे.

पण का झिजते? मला वाटतं गोंधळ पहिल्याच पायरीवर आहे. आपण तास ठेवतो तो मुलांना व्यायाम 'घडावा' म्हणून. हे गणितच चुकीचं आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. कुठलं कॉलेज तीन वर्षं, दर आठवड्याला इतका वेळ देणार आहे? आणि दिला तरी पदवीनंतर काय? तास व्यायाम घडवण्यासाठी नसतो, शिकवण्यासाठी असतो. इंग्रजीचा तास हा इंग्रजी बोलण्याचा आठवड्याचा कोटा पूर्ण करण्यासाठी नसतो ना? तसंच.

हे एकदा मान्य केलं की हिशोब एकदम वेगळा दिसायला लागतो. (हिशोब करायची खोड आहे, सहन करा.) नव्या आराखड्यात प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिट म्हणजे ६० तास. आता ६० तासांत काय काय येऊ शकतं? तलावावरची उन्हाळी पोहण्याची बॅच साधारण तीन आठवड्यांची, रोज पाऊण तास. २१ दिवस धरले तरी सोळा तास भरत नाहीत, आणि त्यात बहुतेक लोक पाण्यात तरंगून पलीकडची भिंत गाठायला शिकतात. सोफ्यावरून उठवून पाच किलोमीटर पळायला लावणारा एक प्रसिद्ध कार्यक्रम आहे, 'काउच टू फाइव्ह के'. नऊ आठवडे, आठवड्यातून तीनदा, दरवेळी अर्धा तास. म्हणजे साडेतेरा तास. दोन्ही मिळून तीस तासही झाले नाहीत! उरलेल्या तीस तासांत वजन उचलताना पाठ कशी ठेवायची, बैठक मारताना गुडघा कुठे जायला हवा, दुखणं आणि दुखापत यातला फरक कसा ओळखायचा, आणि एखादा खेळ, इतकं आरामात बसतं.

आता तुमच्या टीममधल्या पस्तिशीच्या लोकांकडे बघा. यातल्या किती गोष्टी त्यांना येतात? आमच्याकडे अत्यंत हुशार माणसं आहेत. डेटाबेसचा लॉक कुठे अडकलाय ते झोपेत सांगतील. पण जानेवारीत जिमची वर्षभराची मेंबरशिप घेऊन, पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याकडे बघून डेडलिफ्ट मारून, फेब्रुवारीत फिजिओथेरपिस्टकडे जाणारेही तेच. त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. शाळेतला पी.टी.चा तास गणिताच्या बाईंनी पोर्शन पूर्ण करायला घेतला. अकरावी-बारावीत शारीरिक शिक्षणाची श्रेणी मार्कशीटवर छापून आली, तास मात्र कुणी पाहिला नाही. आणि पदवीला 'आता तुम्ही मोठे झालात'.

हा 'मोठे झालात' वाला आक्षेप बऱ्याच जणांचा असतो. अठरा वर्षांचा माणूस मतदान करतो, गाडी चालवतो. त्याला पळायला लावणारे तुम्ही कोण? व्यक्तिस्वातंत्र्य वगैरे. मला या युक्तिवादाची गंमत वाटते. कारण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हा कॉम्प्युटरच्या पोरांना वर्कशॉपमध्ये उभं करून लोखंडाचा तुकडा कानसने घासायला लावला होता. आठवडेच्या आठवडे. काटकोन जुळेपर्यंत. ज्याने आयुष्यात पुढे कधी कीबोर्डपेक्षा जड वस्तू हाताळली नाही अशा माणसाने फिटिंगचा जॉब सबमिट केलाय. तेव्हा व्यक्तिस्वातंत्र्य कुठे गेलं होतं? पर्यावरण हा विषय सगळ्या शाखांना सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे, आणि तिथेही कुणी तक्रार केली नाही. पदवी घ्यायची म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आवश्यक ठरवलेल्या काही गोष्टी शिकायच्या, हे आपण प्रवेशाच्या फॉर्मवर सही करतानाच मान्य केलेलं असतं. प्रश्न एवढाच की स्वतःचं शरीर वापरता येणं हे एम.एस. प्लेट घासण्याइतकं तरी आवश्यक आहे की नाही. बोला!

बरं, सक्ती नको, ऐच्छिक ठेवा, ज्याला आवड आहे तो घेईल... हा मधला मार्ग सगळ्यात सभ्य दिसतो आणि माझ्या मते सगळ्यात निरुपयोगी आहे. ऐच्छिक तास कोण घेतं? जो आधीच खेळतो तो. ज्याला गरज आहे, जो शाळेत शेवटी निवडला जायचा, ज्याच्या हातून कॅच सुटला की सगळा वर्ग हसायचा, तो कशाला त्या वाटेला जाईल? आपल्या कॉलेजांचा सगळा जिमखाना अशा 'आधीच येणाऱ्यांसाठी' चालतो. टीम निवडायची, झोनलला पाठवायची, ट्रॉफी आली की प्रिन्सिपॉलच्या केबिनबाहेरच्या काचेच्या कपाटात ठेवायची. त्या टीमबद्दल मला आदरच आहे. पण फी सगळ्यांनी भरली आणि मैदान मूठभरांना मिळालं, हे बरोबर नाही. एकच शारीरिक शिक्षण संचालक आणि हजारो विद्यार्थी, तो बिचारा तरी टीमच्या पलीकडे बघणार कधी?

आणि यात सगळ्यात मागे कोण राहतं, तर मुली. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा अंदाज आला. २०२२ साली भारतातले सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के. (घरकामाची हालचाल धरूनही, बरं का.) आमच्या कॉलेजचं मैदान मला आठवतंय. एका टोकाला क्रिकेट, दुसऱ्या टोकाला फुटबॉल, कडेच्या कट्ट्यावर उरलेली मुलं. मुली मैदान ओलांडत नसत, वळसा घालून जात. त्यांच्यासाठी आतल्या खोलीत टेबल टेनिस. कपडे बदलायला जागा नव्हती. प्रॅक्टिस सकाळी सहाला किंवा संध्याकाळी सहानंतर, म्हणजे घरून परवानगी मिळणं कठीण अशा दोन्ही वेळा अगदी निवडून ठेवलेल्या.

आमच्या टीममधल्या एका मुलीने मला एकदा जे सांगितलं ते मला कुठल्याही अहवालापेक्षा महत्त्वाचं वाटतं. ती तालुक्याच्या गावातून शिकली. तिच्या कॉलेजात एक सर हट्टाने पहिल्या वर्षाच्या सगळ्यांचा शारीरिक शिक्षणाचा तास खरोखर घ्यायचे. ती म्हणाली, "घरी सांगायला एकच वाक्य पुरायचं, कंपल्सरी आहे. ट्रॅकपँट घ्यायची? कंपल्सरी आहे. ग्राउंडवर जायचं? कंपल्सरी आहे. मला आवडतं म्हणून जाते असं सांगितलं असतं तर कुणी पाठवलं नसतं." आपण पुण्या-मुंबईत बसून सक्ती म्हणजे स्वातंत्र्यावर घाला असं म्हणतो, पण कित्येक घरांत सक्ती हीच परवानगी असते. 'आवड' या शब्दाला त्या घरांत वजन नाही, 'मार्कशीट' या शब्दाला आहे. ऐच्छिकवाल्यांनी यावर जरूर विचार करावा.

आता सक्ती कशी करू नये, याचं एक उदाहरण. पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन युनिव्हर्सिटीने २००६ मध्ये नियम केला की ज्यांचा बी.एम.आय. तीस किंवा त्याहून जास्त आहे त्यांनी 'फिटनेस फॉर लाइफ' नावाचा कोर्स केल्याशिवाय पदवी नाही. वजन कमी झालेलं दाखवलं तर सुटका. २००९ मध्ये ती पहिली बॅच पदवीच्या टप्प्यावर आली तेव्हा प्रकरण पेटलं, देशभर चर्चा झाली, आणि त्याच डिसेंबरमध्ये अट मागे घ्यावी लागली. हेतू वाईट नव्हता. पण जाड्यांना एका बाजूला उभं करून 'तुम्हीच फक्त या' म्हणणं म्हणजे शाळेतला तोच छळ पदवीच्या नियमावलीत लिहून काढण्यासारखं आहे.

शिवाय आपल्याकडे ते शास्त्रातही बसत नाही. पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं 'थिन-फॅट इंडियन'वरचं काम तुम्ही ऐकलं असेल. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक छोटासा लेख आला, दोघांच्या फोटोसकट. दोघांचा बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. म्हणजे दोघेही तक्त्याप्रमाणे एकदम 'नॉर्मल'. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! आणि स्वतःवर विनोद करत लेखात लिहिलंय की एक लेखक मॅरेथॉन पळतो, तर दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन आत शिरणं. चरबीचं कारण एवढंच नव्हे, गर्भातल्या कुपोषणाचाही संबंध असू शकतो, असंही तिथे म्हटलंय. पण आपल्यासाठी मुद्दा असा की आपला तो 'बारीकच तर आहे, त्याला काय झालंय' वाला मुलगा, हात-पाय काटक्या आणि पोट किंचित पुढे, वजनकाट्यावर मजेत पास होतो आणि कदाचित त्यालाच तासाची जास्त गरज असते. म्हणून सगळ्यांना, एकाच नियमाने.

वयाचाही एक मुद्दा आहे, जो विशीत कुणाला पटत नाही. हाडांची घनता साधारण तिशीपर्यंत कमावली जाते. त्यानंतर खात्यात भर जवळजवळ बंद, नुसता खर्च. कॉलेजची तीन-चार वर्षं ही खातं भरायची शेवटची सोयीची संधी. पगार सुरू झाल्यावर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जाणारे दोन तास कुठून काढणार?

जिथे हे नीट चालतं तिथे काय करतात? एम.आय.टी.चं उदाहरण मला फार आवडतं (आपली कोथरूडची नव्हे, बोस्टनजवळची). जगातल्या सगळ्यात 'गीक' लोकांची ही जागा, पण तिथे पदवीसाठी शारीरिक शिक्षणाचे चार वर्ग पूर्ण करावे लागतात आणि पोहता यावं लागतं: शंभर यार्ड, नाहीतर पोहण्याच्या वर्गात बसा. वर्ग कुठले घ्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि तिरंदाजी, तलवारबाजी, पिस्तूल नेमबाजी आणि शिडाची होडी हे चार पूर्ण केले तर विद्यापीठ तुम्हाला चाचेगिरीचं अधिकृत प्रमाणपत्र देतं! गेली दहाहून अधिक वर्षं देतंय. बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठानेही २०१७ मध्ये पोहणं पदवीशी जोडलं, पन्नास मीटर. त्यांच्याकडे तर १९५७ पासून कुलप्रमुखांचं आवाहन प्रसिद्ध आहे की देशासाठी निरोगी राहून निदान पन्नास वर्षं काम करा. (आपल्या कंपन्यांना हे वाक्य फार आवडेल, म्हणून हळू बोलतो.) आपल्याकडे पवईच्या आय.आय.टी.त पहिल्या वर्षाला एन.सी.सी., एन.एस.एस. किंवा एन.एस.ओ. म्हणजे खेळ, यातलं एक करावंच लागतं. तिथे श्रेणी नाही, पास किंवा नापास.

पास-नापास हे महत्त्वाचं आहे. पळण्याला मार्क दिले की दोन गोष्टी होतात. दम्याच्या मुलाचा सी.जी.पी.ए. पडतो, आणि मग आई-वडील, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, प्रिन्सिपॉलला फोन असा सगळा कारखाना सुरू होतो. त्यापेक्षा पहिल्या दिवशी तू कुठे होतास आणि शेवटच्या दिवशी कुठे आहेस एवढंच बघा. दोन मिनिटांत धापा टाकणारा वीस मिनिटं सलग पळाला, पास. जो पळू शकत नाही, व्हीलचेअरवर आहे, त्याच्यासाठी वेगळा कार्यक्रम आखा, 'सूट' देऊन बाहेर बसवू नका. ती सूट त्याला शाळेपासून मिळतेच आहे, आणि ती कुणाला हवी असते असं मला वाटत नाही.

राहता राहिला जागेचा प्रश्न. अर्ध्याअधिक कॉलेजांना मैदानच नाही, खाली पार्किंग आणि वर सात मजले. मान्य. पण ज्या प्रांतात औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, ज्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी करून दाखवली, तिथे जागा नाही हे कारण जरा लाजिरवाणं वाटतं. सूर्यनमस्काराला एका सतरंजीची जागा लागते. दंड-बैठकांना तेवढीही नाही. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तब्येत कमावण्यात घालवलं, ही गोष्ट आपण दर जयंतीला भाषणात सांगतो. भाषण संपलं की मुलं खुर्च्यांवरून उठतात आणि क्लासला जातात, तिथल्या खुर्च्यांवर बसायला. असो.

आणि गावात मैदानं, तलाव, तालमी नाहीत असंही नाही. सकाळी आणि संध्याकाळी गर्दी असते, भर दुपारी कुत्रं फिरकत नाही. कॉलेजने जिमखाना फी एकत्र करून दुपारची बॅच ठरवली, एक प्रशिक्षक आणि मुलींसाठी एक प्रशिक्षिका ठेवली, टाइमटेबलमध्ये दोन तास सलग दिले, एवढंच तर करायचंय. भाच्याच्या कॉलेजपासून महापालिकेचा तलाव चालत बारा मिनिटांवर आहे. मागच्या शनिवारी जाऊन बघून आलो. दुपारी एक ते चार बंद असतो. ठरावीक संस्थांना भाड्याने देतात, अर्ज करावा लागतो, असं तिथला माणूस म्हणाला. अर्जाचा नमुना आणलाय. आता प्रिन्सिपॉलसाहेबांची वेळ मागितली आहे, भाचा म्हणतोय "मामा, प्लीज माझं नाव सांगू नकोस."